साडूंचा पासवर्ड

आमच्या सेलूच्या साडूंइतका सावध माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसावा. पेशानं पुरोहित, पण रेल्वेत बसल्यावर गाडी परभणीलाच जाणार ना, हे ते किमान तिघांना विचारणार आणि तिघांवरही विश्वास ठेवणार नाहीत. एकुलत्या एक लेकीला, सातवीतल्या गार्गीला अभ्यासासाठी मोबाइल घेऊन दिला, तेव्हा तर ही सावधगिरी कळसाला पोचली. कुठलंही अ‍ॅप उतरवायचं, काहीही विकत घ्यायचं, तर साडूंचाच पासवर्ड हवा, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. पोरीनं साधा शब्दकोश मागितला, तर तिला समोर उभं करून उलटतपासणी. "शब्दकोशाला कॅमेरा कशाला लागायलाय गं?" या मुद्द्यावर मागणी नामंजूर!

जिंतूरच्या एका लग्नात मी पाहुणा होतो आणि साडू माइकवर मंगलाष्टकं म्हणत होते. मुहूर्ताची वेळ पाहायला मोबाइल हातातच होता. 'शुभ मंगल' झालं आणि पुढचा शब्दच येईना. फोनला तेवढ्यात रेंज आली होती आणि सकाळपासून अडकलेला बँकेचा संदेश झळकला होता. 'सावधान'च्या जागी सगळ्या मांडवाला ऐकू आलं, "अरे देवा! गार्गीनं खरेदी केली!" निम्म्या लोकांनी अक्षता टाकल्या, निम्म्यांच्या मुठीतच राहिल्या. नवरदेव अंतरपाटाखालून वाकून पाहू लागला. कसंबसं लग्न लागलं. साडू पंगतीला बसलेच नाहीत. मला ओढत तडक सेलूला निघाले. लग्नाचं जेवण सोडून निघालेले साडू पाहून मीच हादरलो.

घरात शिरताच त्यांनी विचारलं, "पासवर्ड कुणी सांगितला तुला?"

"तुमीच, बाबा," गार्गी म्हणाली. "टाइप करताना तुमी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणता. शेजारच्या काकूंना पण पाठ झालाय."

साडू पडले पुरोहित. जन्मभर पोथी मोठ्यानं वाचलेला माणूस. मनातल्या मनात काही म्हणणं त्यांना जमतच नव्हतं.

"आन् घेतलंस काय?"

तिनं त्यांच्याच फोनवरचं पंचांग उघडलं. "यात जाहिराती यायच्या ना. परवा तुमी यजमानांना मुहूर्त दाखवायलात आन् मधेच बनियनची जाहिरात आली. सगळे लय हसले तुमाला. मला नाही आवडलं. पैसे भरले की जाहिराती बंद होतात. सकाळी तुमी आंघोळीला गेलात तेव्हा भरले."

"मला विचारायचं नाही का?"

"आजवर कधी हो म्हणलात?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंचांगात डोकं घातलं.

शेवटी त्यांनी फोन घेतला आणि पासवर्ड बदलायला बसले. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. चुकत, खोडत एकदाचं काम झालं. मग त्यांनी लेकीला जवळ बोलावलं, उपरण्याचा आडोसा केला आणि मुंजीत बटूच्या कानात मंत्र सांगावा, तसा नवा पासवर्ड तिच्या कानात सांगितला. गावोगावच्या कितीतरी मुंजी लावल्या होत्या त्यांनी. स्वतःच्या घरातली मात्र ही पहिलीच.