धुक्यातला हॉर्न

अजमल ड्रायव्हर महाडहून पोलादपूरमार्गे डोंगरातल्या वाडीपर्यंत एसटी न्यायचा. सॅक पाठीला लावलेली डोंगरवेडी पोरं शेवटच्या थांब्यावर उतरली, की तो बजावायचा, "परतीची हीच गाडी. वाट चुकलात तर हॉर्न ऐका."

त्या रविवारी सुटायची वेळ झाली, तरी चौघं परतली नव्हती आणि डोंगर धुक्यात बुडाला होता. अजमल थांबून थांबून हॉर्न देत राहिला.

"अजमलभाऊ, जावई हायत काय रे ते तुझे?" आवडीमावशीनं मागून टोमणा मारला. तिला महाडला मुंबईची गाडी गाठायची होती.

"जावयांना सोडून गेलो असतो, मावशी. ही पोरं माझ्या भरवशावर वर गेलीत."

गाडीत हशा पिकला. कंडक्टर मुरारीनं मात्र घड्याळ दाखवलं. अजमलनं आणखी एक लांब हॉर्न दिला आणि वरून बारीकशी हाक आली. तशी मावशीच खाली उतरून ओरडली, "इकडं या रे मेल्यांनो! माझी गाडी चुकली तर तुमच्याच घरी मुक्कामाला येईन!"

चिखलानं माखलेली चौघं धावतच आली. मावशीनं पिशवी मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली.

"आता हाण जोरात," ती म्हणाली.

अजमल हसला आणि नेहमीच्याच सावकाशीनं त्यानं गाडी घाटात घातली.