पिंपातलं पाणी आणि कोकणातला स्पंज

सोलापुरात राहून मी समुद्रातल्या स्पंजांवर काम करते असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे भांडी घासायचा?" पहिली काही वर्षं मी समजावून सांगायची, की हा जिवंत प्राणी आहे, खडकाला चिकटून राहतो, पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खातो. आता मी "हो, तोच" म्हणते आणि पुढं जाते. सगळ्या जगाला शहाणं करायचा मक्ता काही मी घेतलेला नाही.

या वाटेला मला लावलं आमच्या सरांनी. ते अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस गेले, पण स्पंजांचं वेड गेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत बाकीचे प्राध्यापक बालाजीला जायचे, सर कोकणात जायचे. ओहोटीला खडकांत वाकून स्पंजांचे तुकडे खरवडायचे, स्पिरिटच्या बरण्यांत घालायचे आणि एसटीनं घेऊन यायचे. एकदा कंडक्टरनं वासावरून त्यांची पिशवी उघडायला लावली होती. आत काय आहे ते बघितल्यावर त्यानं पिशवी स्वतःच्या हातानं बांधून दिली म्हणे.

सरांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. निवृत्त व्हायच्या आत एक तरी नवी प्रजाती आपल्या हाताला लागावी. एवढ्या वर्षांत त्यांनी ढिगानं स्पंज ओळखले होते, पण ते सगळे कुणीतरी आधीच ओळखून नाव देऊन ठेवलेले. "लोकांच्या लेकरांची बारशी जेवत फिरलो गं," असं ते म्हणायचे, "आपल्या घरात काय पाळणा हालला न्हाय." हे ऐकून आम्ही हसायचो. मी त्यांच्याकडं पीएच.डी. करत होते आणि तिथंच तासिका तत्त्वावर शिकवत होते, त्यामुळं हे वाक्य माझ्या कानावर जरा जास्तच वेळा पडायचं.

स्पंज ओळखायचा कसा, ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रंगावर आणि आकारावर तो ओळखू येत नाही. एकच जात एका खडकावर पसरट असते, शेजारच्या खडकावर फुगीर असते, आणि स्पिरिटमध्ये पडली की सगळ्यांचा रंग सारखाच मळकट होतो. खरी ओळख आत असते. बहुतेक स्पंजांच्या अंगात काचेच्या बारीक सुया असतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. एखाद्या जातीत दोन्हीकडं टोकदार, एखादीत टाचणीसारख्या गोल डोक्याच्या, एखादीत गळासारख्या वाकड्या. तुकडा ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं आणि सुया तळाशी बसतात. मग त्या चारपाच वेळा पाण्यानं धुवायच्या, काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मान मोडेपर्यंत बसायचं.

धुवायचं हे पाणी शुद्ध लागतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तसलं. त्या वर्षी ऐन मे महिन्यात आमचं हे पाणी संपलं आणि नवा कॅन येईना. सरांना शेवटचं वर्ष लागलेलं, त्यांना दम निघत नव्हता. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक निळं पिंप कायम भरून ठेवलेलं असतं. सर म्हणाले, "ह्यातलं घे. धुयाचंच हाय की. पाण्यात काय सुया वाहत्यात व्हय?" मी मान डोलावली आणि तांब्या पिंपात घातला. पाणी तळाला गेलेलं, त्यामुळं पार कमरेत वाकावं लागलं.

त्या दिवशी आम्ही जो तुकडा धुतला तो कोकणातला एक केशरी स्पंज होता. तो कुठल्या जातीचा, याबद्दल सरांचा एक अंदाज होता, आणि मोठ्या सुया त्या अंदाजाप्रमाणंच निघाल्या. पण त्यांच्या मध्ये मध्ये आणखी एक प्रकार दिसायला लागला. छोट्या, किंचित वाकलेल्या, अंगभर काटे असलेल्या सुया, बोरीच्या डहाळीसारख्या. अशा मोठ्या सुया आणि अशा काटेरी सुया एकाच स्पंजात असल्याचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सरांनी बघितलं, मला बघायला लावलं, परत स्वतः बघितलं. मग खुर्चीत मागं टेकून बसले, लगेच उठले आणि तिसऱ्यांदा डोळा लावला.

पुढचे काही महिने आम्ही दोघं त्या केशरी स्पंजाचेच होतो. मी सुया मोजल्या, चित्रं काढली, फोटो घेतले. सरांनी लेख लिहिला आणि नव्या प्रजातीला लॅटिन वळणाचं नाव दिलं, तेही आपल्या शहरावरून. मी म्हटलं, "सर, समुद्रातल्या प्राण्याला सोलापूरचं नाव?" ते म्हणाले, "सोलापूरला समुद्र न्हाय, ही सोलापूरची चूक हाय काय?" लेख परदेशातल्या एका मासिकाकडं गेला. तो छापून येईपर्यंत गप्प बसायचं असं ठरलं होतं. पण प्राचार्यांना कुणकुण लागली आणि त्यांनी पेपरात बातमी देऊन टाकली, सरांच्या फोटोसकट. जुळे सोलापूर भागात सरांचं घर, तिथं त्यांच्या बिल्डिंगीतली माणसं पेढे मागायला आली. सर वरवर चिडले, पण पेढे त्यांनी आणले होते आणि चांगले भरपूर आणले होते.

मासिकाकडून मेल आला तेव्हा परीक्षा चालू होत्या. लेख तपासणाऱ्यानं एकच गोष्ट मागितली होती. काटेरी सुया विरघळवलेल्या मालात दिसतात ते ठीक आहे, पण स्पंजाचा पातळ काप घेऊन त्या अंगात नेमक्या कुठं बसल्या आहेत ते दाखवा. मागणी रास्त होती. सगळं विरघळवल्यावर कोण कुणाचं ते कळत नाही, हे सरांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आनंदाच्या भरात आम्ही दोघंही ते विसरलो होतो. सर सुपरव्हिजनला होते म्हणून काप मीच घेतला.

कापात काटेरी सुई नव्हती. दुसरा घेतला, त्यातही नव्हती. तोवर बॅटरीच्या पाण्याचा कॅन आलेला होता. मी त्याच स्पंजाचे वेगवेगळ्या बाजूंचे तुकडे नव्यानं विरघळवले, नव्या पाण्यानं धुतले आणि बघितले. मोठ्या सुया भरपूर, काटेरी एकही नाही. धरणातल्या, नदीतल्या गोड्या पाण्यातही स्पंज असतात आणि त्यांच्यात काटेरी सुया असतात, हे मी बी.एस्सी.च्या मुलांना दरवर्षी शिकवते. आपल्या नळाला उजनी धरणाचं पाणी येतं हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी उठले, पिंपाच्या तळाचा गाळ तांब्यात घेतला आणि त्यातला थेंबभर काचेवर ठेवला. बोरीच्या डहाळ्या जिथल्या तिथं होत्या.

सर डबा खात होते. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, दुसरं ते काही आणायचेच नाहीत. मी म्हटलं, "सर, जेवण झाल्यावर जरा एक स्लाइड बघता का?" माझा चेहरा बघून ते तसेच उठले. मी त्यांना आधी काप दाखवले, मग गाळ दाखवला. त्यांनी डोळा उचलला नाही. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू मागंपुढं करत राहिले, जसं काही नीट फोकस केलं तर सुया दिसेनाशा होतील. मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी त्या पिंपाला लाथ घालावीशी वाटत होती. शेवटी ते म्हणाले, "उद्या जेऊरला जाऊ. धरणात बघितल्याबिगर मी काय मानणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही जेऊरला उतरलो आणि रिक्षानं धरणाच्या पाण्यापर्यंत गेलो. पाणी मागं हटलं होतं आणि कोरडे दगड उघडे पडले होते. त्या दगडांवर राखाडी, भुसभुशीत खपल्या होत्या. सर गुडघ्यांवर बसून चाकूनं खरवडायला लागले. जाळं विणत बसलेला एक म्हातारा आमच्याकडं बघत होता. तो म्हणाला, "ओ सायेब, त्याला हात नका लावू. लई खाज सुटती."

"माहीत हाय," सर म्हणाले, "आमाला कवाच सुटलीय."

म्हातारा हसला आणि मीही हसले. सर मात्र हसले नाहीत. पुडी बांधून त्यांनी खिशात ठेवली, आणि परतीच्या गाडीत कुर्डुवाडी गेली तरी खिडकीबाहेरच बघत होते. दुपारी प्रयोगशाळेत त्या खपल्या विरघळवल्या. त्याच सुया, तोच वाक, तसेच काटे. स्पंज कोकणातला होता, आधीपासून माहीत असलेल्या जातीचा होता, आणि सरांच्या अंदाजाप्रमाणं अगदी बरोबर होता. काटेरी सुया तेवढ्या आपल्या पिंपातल्या. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघ, नाव मात्र आपण बरोबर दिलं होतं."

त्याच दिवशी आम्ही लेख मागं घेतला. मेल सरांनी स्वतः लिहिला आणि कारणही सरळ लिहिलं. मग प्राचार्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "एवढी घाई कशाला करता? चार दिवसांवर तुमचा निरोप समारंभ आलाय. निवृत्त झाल्यावर काय ते बघू." सर म्हणाले, "निवृत्त झाल्यावर खरं बोलायची वेगळी पेन्शन मिळती काय?" प्राचार्यांनी हसून विषय बदलला. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात एकदा येऊन गेलं होतं, की चार दिवसांनी काय बिघडतंय.

समारंभाला सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग प्राचार्यांनी एक मोठी फ्रेम उघडली. आत मी काढलेला फोटो होता, काटेरी सुईचा, भला मोठा करून घेतलेला. खाली सोनेरी अक्षरांत नव्या प्रजातीचं नाव. टाळ्या थांबेनात. सर माइकसमोर उभे राहिले. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि म्हणाले, "ह्या फोटोत जी सुई हाय ना, ती समुद्रातली न्हाय. ती ह्या पाण्यातली हाय. मी नवीन काय शोधलेलं न्हाय. माझं चुकलं."

सगळं सभागृह हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. माझ्या मागच्या रांगेतल्या एक मॅडम म्हणाल्या, "किती तो विनय!" सरांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवायचा प्रयत्न केला, तर लोकांना वाटलं ते नमस्कार करताहेत. ते लाल झाले, कानडीत काहीतरी बोलले, त्यालाही टाळी पडली. मग त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि माइकवरूनच म्हणाले, "तू ये हितं. तू सांग. माझं कोण ऐकंना."

मी वर गेले. मी म्हटलं, "सर विनय करत नाहीत. सरांना विनय येत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे." यावर थोडे हसले. "ही नवी प्रजाती नाही. आम्ही दोघांनी तो तुकडा नळाच्या पाण्यानं धुतला, त्या पाण्यातल्या सुया त्याच्यात आल्या. लेख आम्ही परत घेतला आहे. पेपरातली बातमी चुकीची आहे." आता कुणी हसलं नाही. सर माझ्या शेजारी ताठ उभे होते, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला. प्राचार्यांनी घाईनं आभार मानले आणि जेवणं तयार असल्याचं जाहीर केलं.

जेवताना आमच्याशी फारसं कुणी बोललं नाही. सरांनी गुलाबजाम मागून घेतला, वाढणाऱ्याची थट्टा केली, मला आणखी एक खायला लावला. संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडायला गेले. शाल त्यांच्या मांडीवर होती, आणि फ्रेम त्यांनी माझ्या पाठीशी उभी धरली होती. बिल्डिंगीच्या खाली ते उतरले, पण आत गेले नाहीत. मी म्हटलं, "सर, आज तुम्ही फार चांगलं केलंत." ते म्हणाले, "ते ठीक हाय." मग फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली आणि शालीच्या टोकानं डोळे पुसले.

"पण मला एक तरी पायजे होता गं," ते म्हणाले. "एकच. लई न्हाय."

मी नुसतं "व्हय सर" म्हटलं. मलाही तो पाहिजे होता, त्यांच्यासाठी.