उलट्या पात्यांचा पंप

लाँचचा पंप गेला त्या वर्षी मी ठाकुर्लीला फिटर होतो, आणि इंजिनातलं आपल्याला न कळण्यासारखं काही उरलेलं नाही अशा तोऱ्यात वावरत होतो. आमची लाँच घोडबंदरकडच्या मिठागरांचे मचवे ओढायची. इंजिन लढाईतलं; लष्कराच्या बोटीवरून काढलेल्या दोन इंजिनांपैकी एक बाबांनी लिलावात उचललं होतं. इंजिन गार ठेवायला त्यात पाणी फिरवणारा पंप खाडीच्या खारानं असा खाल्ला, की आतल्या पात्यांचे नुसते खुंट उरले. होळीपर्यंत पंप मिळाला नाही तर लाँच मोडीत, असं बाबांनी सांगून टाकलं आणि ओट्यावर बसले. त्यांचं ते नुसतं बसणं मला बघवत नसे.

कल्याण कँपात लष्करी भंगाराची दुकानं लागली होती. तिथला एक सिंधी दुकानदार दर वेळी एकच विचारी, इंजिनाचा नंबर काय? नंबर पितळी पाटीवर होता आणि पाटी शेंदराखाली. नारळी पुनवेला आणि दसऱ्याला बाबा तिलाच तेल-शेंदूर लावत आले होते. खरवडू का म्हटलं, तर म्हणाले, "पूजा हाय ती. नख लावाचा नाय."

मग मी मापं घेतली. भोकाला भोक, बोल्टाला बोल्ट जुळणारा पंप आणला, बसवला, आणि खूश होऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. बाबांनी हँडल मारलं. दहा मिनिटांत वाफ. दुसरा आणला, तोही तसाच बसला आणि तशीच वाफ. खाडीकाठची मंडळी मला भात शिजला का म्हणून विचारू लागली. मी चिडून त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

होळीला तीन दिवस उरले असताना पुन्हा कँप गाठला. दुकानाशेजारी एक ड्रायव्हर लॉरी चालू करायला पुढून हँडल मारत होता. मी उगाच त्याच्या हाताकडे बघत राहिलो, आणि एकदम लक्षात आलं. बाबांचा हात असा फिरत नाही. लाँचचं हँडल मारण्याचा मान फक्त त्यांचा, आणि ते उलटं फिरवतात. ते डावखुरे, म्हणून तसं करतात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. हँडल कुठल्या बाजूला फिरणार ते माणसाच्या हातावर नाही, इंजिनावर ठरतं, हे मला, फिटरला, कळू नये? बोटीच्या दोन इंजिनांतलं एक सुलटं फिरतं, एक उलटं; आमचं उलटं फिरणारं होतं. त्याला पंपही उलट्या पात्यांचा हवा.

मी धावतच दुकानात शिरलो. असले पंप कोणी घेत नाही, तळाशी पडलेत, असं दुकानदार म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून अर्धा ढीग उपसला. हाताला लागला तो हुबेहूब आधीच्या दोन्हींसारखाच होता, फक्त पाती दुसऱ्या बाजूला कललेली. मी त्या परक्या माणसाला तेलकट हातांनीच मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बसवला. बाबांनी हँडल मारलं. लाँचच्या कुशीतला पाइप दोनदा खोकला आणि मग मनगटाएवढी धार खाडीत पडू लागली. अर्धा तास झाला तरी इंजिन अंघोळीच्या पाण्याइतकंच कोमट. मला हसू आवरेना.

नंबर कुठून मिळाला, असं बाबांनी विचारलं. तुमच्या हातावरून, मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "लिलावात दोनी इंजिना फिरवून बघितली. यो माझ्या डाव्या हाताला बरा आला, म्हून यो घेतला," ते म्हणाले. "इचारला असतास तं सांगितला असता."

दोन महिने मी शेंदराखालचा नंबर शोधत होतो, आणि बाबा रोज समोर ओट्यावर बसून होते.