रामजीभाऊंचा लाल टॅग

रामजीभाऊ बहरीनमध्ये अस्करच्या एका कारखान्यात कामाचं परमिट देतात. एखाद्या मशीनवर काम करायचं असेल तर भाऊ आधी स्वतः जागेवर जातात, वीज बंद आहे का ते बघतात, स्विचला कुलूप घालतात, त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग अडकवतात आणि मगच सही करतात. काम संपल्यावर तो टॅग त्यांनीच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना. वर्ध्याहून इथे आल्यापासून बावीस वर्षं ते हेच करत आहेत.

दर शुक्रवारी सकाळी आमचा सतरा जणांचा माउंटन बाइकचा ग्रुप निघतो. त्यालाही भाऊंनी हाच नियम लावला. बहरीनमध्ये सायकल चालवण्याचे दिवस हिवाळ्याचे, आणि पाऊस पडला तर तोही हिवाळ्यातच. दक्षिणेला डांबरी रस्ता सोडून आमची कच्ची वाट खारट सपाट जमिनीत उतरते. तिथे एक गंजका लोखंडी खांब आहे. पाऊस झाला की भाऊ त्या खांबाला लाल टॅग बांधून येतात. टॅग आहे तोवर वाट बंद.

साधी वाळू एका दिवसात सुकते. ही जमीन मात्र वरून पापडासारखी वाळते, पांढरी दिसते, आणि खाली चिखल तसाच राहतो. चाक पापडी फोडून आत गेलं की सायकल जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. म्हणून राइडच्या आदल्या दिवशी भाऊ ती वाट चालून येतात. दर पन्नास पावलांवर टाच दाबून बघतात.

मागच्या वर्षी जानेवारीत पाऊस झाला आणि नेमकी गुरुवारी त्यांना डबल शिफ्ट लागली. ग्रुपमधल्या फराजचं त्या बाजूला काही काम होतं. त्याने वाटेचा फोटो पाठवला. जमीन पांढरी, कोरडी, भेगा पडलेली.

भाऊंनी त्याला शिफ्टमधूनच फोन केला. "सुकलेली दिसते. काढ टॅग."

कारखान्यात त्यांनी असं कधीच केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हमझा सगळ्यांत पुढे होता. मंडणगडचा, नईम वस्तीत तिघांबरोबर एका खोलीत राहणारा एसी मेकॅनिक. पापडी फुटून तो फेकला गेला आणि त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. प्लेट बसली, पण हात पूर्ण वळेना. गच्चीवर कॉम्प्रेसर चढवायचं काम सुटलं. काही महिने हलकी कामं मिळाली, मग या डिसेंबरात कंपनीने व्हिसा वाढवायला नकार दिला. रविवारचं तिकीट निघालं. जायच्या आधी शुक्रवारी ती वाट एकदा पुरी करायची, एवढंच त्याला हवं होतं.

आणि मंगळवारी पाऊस पडला.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही तुबलीला अर्शदच्या सायकलच्या दुकानात होतो. हमझा ब्रेक तपासून घेत होता. भाऊ आले तेव्हा त्यांचा डावा बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेला होता.

"एकच भरलाय," अर्शद म्हणाला. "म्हणजे उजवा पास. अर्धं परमिट तरी दे."

भाऊ हसले नाहीत. "नाही सुकली. उद्या रोडनं जाऊ."

हमझाने ब्रेक सोडला. "रामजीभाई, रविवारी माझं फ्लाइट आहे."

"माहीत आहे."

"मी हळू चालवीन. पडलो तर माझं मी बघेन."

"मागच्या वेळीही तुझं तूच बघितलंस. मी नुसता फोनवर होतो."

"मग नाही म्हणायचं ते तेव्हा म्हणायचं होतं," हमझा म्हणाला. "आता कुणासाठी म्हणता?"

अर्शद उगाच मागचं चाक फिरवत राहिला. भाऊंनी खिशातून फोन काढून ग्रुपवर दोन शब्द टाकले, 'वाट बंद', आणि निघून गेले.

वाट बंद असली तरी भाऊ सकाळी त्या खांबाशी आठ वाजेपर्यंत उभे राहतात. कुणी मेसेज वाचला नसेल तर, म्हणून. त्या शुक्रवारी बाकीचे रोडने गेले. मी भाऊंसोबत थांबलो. पावणेसातला एका पिकअपमधून हमझा सायकल घेऊन उतरला. त्याने मेसेज वाचला होता. तो सरळ खांबाकडे गेला आणि टॅगची गाठ बोटांत धरली.

"सोडू नको," भाऊ म्हणाले. "सायकल ठेव. चल, चालत जाऊ. दाखवतो."

त्याने गाठीवरून बोटं काढली. मग त्याने सायकल खांबाला टेकवली.

आम्ही तिघे चालत निघालो. पहिली दोनशे पावलं जमीन टणक होती. हमझाने वळून भाऊंकडे पाहिलं. भाऊ चालत राहिले. दुसऱ्या वळणाच्या पुढे पापडी फुटली आणि त्याचा पाय नडगीपर्यंत आत गेला. तो तोल जाऊन पुढे झुकला तसा भाऊंनी झटकन त्याचा हात पकडला. नेमका उजवा. हमझा कळवळला. भाऊंनी हात भाजल्यासारखा मागे घेतला. मग मी त्याला दुसऱ्या बाजूने ओढून काढलं.

आम्ही परत फिरलो. खांबापाशी हमझाने दगडावर बूट घासला. बराच वेळ घासला.

"खलास," तो म्हणाला. त्याने भाऊंपुढे डावा हात केला. भाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला. हमझाला घेऊन पिकअप गेल्यावरही ते रस्त्याकडेच बघत होते.

रविवारी हमझा गेला. सोमवारपासून कोरडा वारा सुटला. पुढच्या गुरुवारी मी भाऊंबरोबर ती वाट शेवटपर्यंत चाललो. टाच कुठेच रुतली नाही. भाऊंनी गाठ सोडली, टॅगवरची धूळ पुसून तो खिशात ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, 'वाट उघडी'. मग तेच दोन शब्द त्यांनी वेगळे हमझाला पाठवले. एकच टिक आली. तो नंबर इथला होता, आता बंद.

"गावचा नंबर आहे का कुणाजवळ?" त्यांनी विचारलं.

"अर्शदकडे आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्याला आता तीन आठवडे झाले. दर गुरुवारी आम्ही अर्शदच्या दुकानात बसतो. भाऊंनी अजून अर्शदकडे तो नंबर मागितलेला नाही.