बोरगावच्या जागी पांढुर्णा

चूक माझी होती. किसनचं गाव बोरगाव. फिर्यादीत मी पांढुर्णा लिहिलं. हात घसरला नव्हता. जाणूनबुजून लिहिलं.

सौंसरच्या कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहायचो. मालगुजारानं, म्हणजे तिथल्या जमीनदारानं, घरी बोलावलं आणि ओसरीखाली, जोड्यांजवळ बसवलं. मालगुजारी सरकारनं काढली होती, तरी आम्ही त्याला मालगुजारच म्हणायचो. वाऱ्यानं माझा कागद उडाला. त्यानं पायातला जोडा काढून कागदावर ठेवला.

"आता नाही उडत. लिही."

ओसरीवरचे हसले. मीही हसलो.

किसन मालगुजाराच्या बागेत संत्र्याच्या कलमा बांधायचा. तसा हात तालुक्यात दुसरा नव्हता. ते काम सोडून त्यानं बोरगावात स्वतःची रोपं लावली. एवढाच गुन्हा. फिर्याद लिहायची होती कलमा चोरल्याची.

"खरंच चोरी झाली का, मालक?"

"तुले लिवाले बोलावलं, का इचारपूस कराले?"

पुढची युक्ती माझी. पत्ता चुकवला की समन्स परत येतं आणि आरोपी फरार वाटतो. ते आलं. मग मीच दुसरा अर्ज लिहिला: आरोपी बोरगावात लपून बसला आहे. या वेळी गाव बरोबर लिहिलं. वॉरंट निघालं. किसनला दोरी बांधून शिपायांनी भर बाजारातून नेलं. मागून त्याची बायको त्याचं पागोटं छातीशी धरून चालत होती.

"काऊन किसनभाऊ, कोणाची बाग लुटली?" कोणीतरी ओरडलं. संत्र्याची सालं त्याच्या अंगावर पडली. मी मान खाली घालून टाक पुसत बसलो.

मग तारखा. किसन बोरगावाहून पायी यायचा. मालगुजार यायचाच नाही. शेवटी पुरावा नाही म्हणून किसन सुटला. पण आपल्या बागेत त्याला कोणी पाय ठेवू देईना.

त्याच सुमारास नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. मालगुजारानं परत बोलावलं.

"राज्य बदललं त बदलू दे. तारखा आपल्याच हाती हायेत. दुसरी फिर्याद लिही." आणि कागदावर जोडा ठेवला.

मी जोडा उचलून खाली ठेवला. कागद घडी करून खिशात घातला.

"नाही लिहीत."

"सारे कागद तुह्या हातचे हायेत. तूच आत जाशीन."

खरं होतं. तरी बोरगावला गेलो. किसन रोपांना पाणी घालत होता.

"माफी मागाले आलो, भाऊ."

त्यानं वर पाहिलं नाही. "दोरी बाजारात लावली. माफी अंगणात मागून राहिला का?"

किसननं मालगुजारावर नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्याचा वकील म्हणाला, खटला खोटा होता एवढ्यानं भागत नाही, तो आकसानं भरला हे दाखवावं लागेल. ते दाखवणारा मी एकटाच होतो. मी साक्षीला उभा राहिलो.

मालगुजाराच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे गुन्हेगार तुम्हीच?"

"हो. मी आणि तुमचा पक्षकार. दोघंही."

निकाल अजून व्हायचा आहे. माझ्यावर खटला झाला तर तिथंही हेच सांगेन. एक अक्षर कमी करणार नाही.

पण निकालाची वाट न पाहता एका बाजाराच्या दिवशी, किसनला दोरी बांधून नेलं त्या वाटेवर, मी पायातल्या वहाणा काढून उभा राहिलो. किसन टोपलीत रोपं घेऊन बसला होता. त्याच्याकडं कोणी फिरकत नव्हतं. मी ओरडून बोललो.

"आयका हो! किसनभाऊनं चोरी केली नाही. गाव म्या चुकवलं. ती दोरी म्या बांधली. किसनभाऊ, मले माफ करा."