गुलाबरावांची छोटी लाइन

आमच्या गल्लीतली पक्की बातमी अशी होती, की गुलाबराव काकांनी ख्रिस्ताला सोडलं. मागच्या खोलीत त्यांनी हिरव्या लुगड्याची एक देवी बसवली आहे आणि रोज संध्याकाळी दार लावून तिच्यापुढे लोबान जाळतात. बातमी बेबी मावशींची. त्या आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, आणि काकांच्या खिडकीसमोर त्यांचा नळ आहे. मावशी वाक्य संपलं की श्वास आत ओढतात, त्यामुळे त्यांची नक्कल करायला सोपी जाते. "अच्छा, मी कोणाचं वाईट नाही बोलून राहिली हं, हुप्प! पण दीदी, डोळ्यानं पाहिलं मी, हुप्प!"

आता खरं काय ते सांगते, कारण त्या खोलीत मी शेकडो वेळा बसले आहे. लोबान नव्हता. पत्र्याला डाग देऊन सांधताना काका बिरोजा, म्हणजे राळ, वापरत, त्याचा धूर तसाच वास मारतो. आणि देवी म्हणजे करंगळीएवढी एक पत्र्याची बाई. ती नैनपूरच्या फलाटावर उभी होती.

फलाटही पत्र्याचा, तेलाच्या डब्यांतून कापलेला. काका छोट्या लाइनवर फिटर होते. आमच्या जबलपूरहून नैनपूर-बालाघाटकडे जायची ती अरुंद रुळांची गाडी बंद झाली, त्याच सुमारास काकाही रिटायर झाले. मग त्यांनी ती गाडी घरात आणली. खोलीभर रूळ, कोळशाचं काळं इंजिन, तीन डबे. बॅटरीवर चालायची. आवाज मात्र तोंडाने काढावा लागे, आणि ते काम माझं.

"अशी नाही, पोरी," काका ओरडायचे. "सपाटीवर अशी पळते. चढ आहे ना हा? चढावर दमते ते. धाप ऐकू आली पाहिजे. फिर से!"

मी पुन्हा धापा टाकायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि एखादी धाप चुकली की लगेच हात वर करायचे. माझ्या नकलांचा असा परीक्षक मला दुसरा मिळालेला नाही.

फलाटावरची ती बाई म्हणजे लीलाबाई, काकांची बायको. नैनपूरला ड्यूटी असताना त्या रोज स्टेशनवर जेवणाचा डबा घेऊन यायच्या, म्हणून पत्र्याच्या बाईच्या हातातही डबा. लीलाबाई वारल्या. घरी स्मरणाची प्रार्थना झाली, आणि त्या दिवसानंतर काकांनी प्रभुभोजन घेणं बंद केलं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून, भाकर आणि द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे बाकाबाकावरून फिरतो. आधी पाद्रीसाहेब सांगतात, ज्याने त्याने स्वतःला तपासावं, मन साफ नसेल त्याने हात लावू नये. हे सगळे ऐकतात आणि सगळेच घेतात. न घेणारा माणूस म्हणजे काहीतरी मोठं पाप केलेला माणूस. काका ट्रे हातात घ्यायचे, क्षणभर पाहायचे, आणि शेजारच्याकडे सरकवायचे. मागच्या बाकावरून हुप्प ऐकू यायचं.

शेवटी आनंद पाद्री काकांच्या घरी आले. मी तेव्हा तिथेच होते. पाद्रीसाहेब चहा मागतानाही उपदेशाच्या सुरात मागतात, "साखर... थोडी... कमी असो."

काका म्हणाले, "साहेब, लीलाच्या प्रार्थनेच्या दिवशी तुम्ही डोळे मिटायला लावले. सगळे रडून राहिले होते. आन् मी विचार करून राहिलो होतो, की तिच्या डब्याला कडी कशी लावू. एवढी बारीक कडी, डाग दिला की वितळून जाते."

"म्हणजे... आपण लीलाबाईंचंच स्मरण करत होता."

"तेच तर नाही समजत जी मले. तिचं स्मरण होतं का कडीचं? तेव्हा तिचा चेहरा आठवून पाहिला, तर नाही आला. कडीच दिसे. देवाच्या जागी बी कडी, तिच्या जागी बी कडी. हे मूर्तिपूजन नाही तर काय आहे?"

"छंद हे पाप नव्हे, गुलाबराव. आसक्ती... हे पाप."

"मग माप सांगा ना. कुठपर्यंत छंद, कुठून पाप? मी फिटर आहे साहेब, मापाशिवाय मी काहून हात लावू?"

पाद्रीसाहेबांनी बशी फिरवली. मग म्हणाले, "लेंट येतोय, ईस्टरआधीचे चाळीस उपासाचे दिवस. लोक मटण सोडतात. आपण... गाडी सोडून पाहा. ईस्टरला मनच सांगेल."

ते आपले सुचलं ते बोलले. काकांनी मात्र त्याच दिवशी खोलीला कुलूप घातलं.

मी म्हटलं, "काका, पैज लावा. ईस्टरची उपासना संपली की चहाच्या आधी तुम्ही खोलीत पळाल."

"नाही पळालो तर?"

"तुम्ही सांगा."

"तर गाडी तू घेऊन जाय. आन् पळालो, तर तू पाहिजे तेवढी चालव."

दोन्हीकडून फायदा माझाच! मी बेबी मावशींच्या आवाजात हुप्प केलं. काकाही हसले.

पहिल्या आठवड्यात त्यांची बोटं आपोआप हलायची, हवेतच स्क्रू पिळायची. मग तेही थांबलं. पुढच्या खोलीत बायबल मांडीवर घेऊन बसायचे, पान उलटायचं विसरायचे. मंडळीत सगळे खूश. मावशी खिचडी घेऊन आल्या, "कितने शांत दिखते हैं अब, हुप्प!" शांत कसले! गाडी रद्द झाली तरी फलाटावर बसून राहिलेला माणूस असतो ना, तसे दिसायचे. मी नर्मदेवरच्या तिलवारा पुलावरल्या ट्रकवाल्यांची नक्कल केली, पाद्रीसाहेबांची केली. ते मान हलवायचे, एवढंच.

ईस्टरला चर्च फुलांनी भरलं होतं. ट्रे आमच्या बाकाशी आला. काकांनी तो घेतला, पाहिला, आणि माझ्याकडे सरकवला.

काकांच्या घरी पोचताच मी त्या कुलपाजवळ जाऊन उभी राहिले. काका आले, बूट काढले, खुर्चीत बसले. "चहा ठेव," म्हणाले.

"काका, खोली?"

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली. "हरलीस."

"पण मग प्रभुभोजन काहून नाही घेतलं? आता तर सुटलं ना सगळं?"

"सुटलं ना. कडी गेली मनातून. मले वाटलं, जागा मोकळी झाली की देव येईल. नाही तर लीला तरी येईल." किल्ली अजून तशीच धरलेली. "कोणीच नाही आलं, मोना. रिकामे हात घेऊन त्याच्या मेजावर कसं बसू?"

मी गाडी सुरू केली. तोंडाने. मुद्दाम चुकीची केली, चढावर सपाटीची चाल, एक धाप नाही. इतकी वाईट मी कधीच केली नव्हती. हात वर होण्याची वाट पाहत राहिले.

"छान झाली," काका म्हणाले.

इंजिन, डबे, रूळ मी खोक्यात भरले. पत्र्याची बाई त्यांच्यापुढे धरली. "ही तरी ठेवा."

"पैज म्हणजे पैज. ने."

मी पैज हरले. खोकं आता माझ्या पलंगाखाली आहे.