पत्र्यावरचा वाकलेला माणूस

ओसाकातल्या आमच्या स्टेशनच्या पूर्वेकडच्या दारासमोर आता पत्र्याची भिंत उभी आहे. तिच्यावर हेल्मेट घातलेला एक कार्टूनमधला कामगार कमरेत वाकून गैरसोयीबद्दल माफी मागतो आहे. ऑफिसला जाताना मी त्याला पाहते आणि रोज माझं डोकं फिरतं.

एकेकाळी हे स्टेशन पूर्वेकडे तोंड करून होतं. फाटक, दुकानं, सगळी वर्दळ इकडेच. मग रूळ खांबांवर चढले, पश्चिमेला मॉल आला आणि स्टेशनाने सरळ कूस बदलली.

इकडे हायाशीआजींचं भाताच्या गोळ्यांचं दुकान होतं. स्टेशनचं इकडचं दार बंद झालं आणि गिऱ्हाईक तुटलं. मी एकदा न राहवून विचारलं, "आजी, तुम्हाला राग नाही येत?"

"रागवायचं कुणावर? ते तर रोज माफी मागतात," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे, मायदेशी, निदान तोंडावर हाकलतात, त्यामुळे भांडता तरी येतं. वाकलेल्या माणसाची कॉलर कशी धरणार?

काल आजींनी दुकान कायमचं बंद केलं. शटर ओढलं आणि इथल्या रिवाजाप्रमाणे गिऱ्हाइकांची माफी मागायला रस्त्याकडे वळून त्या कमरेत वाकल्या. रस्त्यात मी एकटीच होते. माझ्या मागे पत्र्यावर तो होताच. दोघंही एकमेकांसमोर सारखेच वाकलेले. कुणी कुणाचं दार बंद केलं, हे नव्या माणसाला कळलंही नसतं.